ठिबकचा धडा विहिरीपासून सुरू व्हावा

शाळेची स्मरणिका निघत आहे आणि माजी विद्यार्थ्यांनी तीत लिहावे, असा निरोप मिळाला, तेव्हा आठवणी लिहाव्यात असेच प्रथम मनात आले होते. वसतिगृहातील पहिली रात्र, पत्र्यावर कोसळणारा मुळशीचा पाऊस, आणि एवढे पाणी वाया कसे जाऊ देतात, या विचाराने जागा राहिलेला आष्टी तालुक्यातला एक मुलगा. तो मुलगा मी होतो. परंतु गेल्या वर्षीच्या पालक मेळाव्यातील एक प्रसंग मनातून जात नाही. आठवणींपेक्षा त्याविषयी लिहिणे अधिक अगत्याचे वाटते.

शाळेने मागील अंगणालगतच्या दोन गुंठ्यांवर ठिबक सिंचनाचा लहानसा संच बसविला आहे. इयत्ता नववीची मुले-मुली पाहुण्यांना तो उत्साहाने दाखवीत होती. टाकी कोठे, फिल्टर कोठे, मुख्य नळी कोणती, लॅटरल कोणती, सारे सांगत होती. तेवढ्यात मागे उभे असलेले एक पालक पुढे आले आणि शिक्षकांना म्हणाले, "सर, आमी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबलो. पोराला हिकडं धाडलं ते त्याच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून. तुमी पुन्हा तेच हातात देताय व्हय?"

शिक्षकांनी नम्रपणे उत्तर दिले, पण त्या गृहस्थांचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही झाले नाही. कारण प्रश्न खरा होता. माझ्या वडिलांनी मला येथे आणून सोडले, तेव्हा त्यांच्याही मनात तेच होते. आपल्या समाजातील कित्येक पिढ्यांनी माती तुडविली, पण माती त्यांची नव्हती. अशा घरातील मुलाला शाळेने शेती शिकवावी काय, आणि शिकवायचीच असेल तर काय शिकवावे, याचे उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

माझे मत आधीच सांगतो. ठिबक शिकवावे, अवश्य शिकवावे, आणि प्रत्येक मुलाला व मुलीला शिकवावे. पण त्याचा धडा नळीपासून सुरू होऊ नये. तो विहिरीपासून, म्हणजे पाणी मुळात किती आहे आणि ते कोणाचे आहे, येथून सुरू व्हावा. तसा तो सुरू झाला नाही तर काय होते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

आमची शेती दोन एकर. २०११ साली थोरल्या बंधूंनी अनुदानावर ठिबकचा संच घेतला. विक्रेत्याने माणूस पाठवून नळ्या अंथरून दिल्या. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरात टोमॅटो चांगला आला. पूर्वी मोकाट पाण्याने जेवढे पाणी लागे, त्याहून पुष्कळच कमी लागले. पाणी उरते आहे असे पाहून बंधूंनी पुढच्या वर्षी अर्ध्याचा एक एकर केला. त्यांच्या जागी कोणीही असते तरी हेच करता. मग २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. त्या दुष्काळात बीड, जालना, उस्मानाबाद या जिल्ह्यांची काय दशा झाली, ते सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीतच आमच्या विहिरीने तळ गाठला. बंधूंनी नळ्यांची वेटोळी करून गोठ्याच्या आढ्याला टांगली, मुकादमाकडून उचल घेतली आणि वहिनींसह ते ऊस तोडायला गेले. ज्या पिकाला सर्वांत अधिक पाणी लागते ते पीक तोडायला, ज्याच्या विहिरीत पाणी नाही तो माणूस गेला. ऊसतोडीवर जाणाऱ्या प्रत्येक कोयत्याची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

यात दोष ठिबकचा नव्हता. अर्धा एकर ठेवला असता तर त्या वर्षी पीक वाचले असते, असेही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण आमच्या घरात कोणीही, म्हणजे शिकलेल्या मीदेखील, विहिरीतले पाणी कधी मोजले नव्हते, एवढे मात्र खरे. हे मोजमाप नववीच्या गणिताच्या पलीकडचे नाही. ते येथे मांडून दाखवितो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एका गुंठ्यात ९० बाय ४५ सेंटिमीटर अंतराने लावलेली टोमॅटोची साधारण २५० रोपे बसतात. प्रत्येक रोपाला ताशी दोन लिटरची एक तोटी धरली, तर एका तासात ५०० लिटर पाणी जाते. म्हणजे गुंठ्यावर सुमारे पाच मिलिमीटर. भर वाढीच्या टोमॅटोची उन्हाळ्यातील एका दिवसाची गरज साधारण तेवढीच असते. एका एकराचे चाळीस गुंठे, म्हणून रोजचे २०,००० लिटर. आता विहीर पाहू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. म्हणजे दीड दिवसाचेही नाही. त्या विहिरीला रोज २०,००० लिटरचा पाझर असेल तरच एक एकर टोमॅटो जगेल. आमच्या विहिरीला तेवढा पाझर जानेवारीनंतर कधीच नव्हता.

आणखी एक आकडा मुलांना सांगावा. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा निकष धरला आहे. म्हणजे एका गुंठ्यावर तासभर चाललेले ठिबक नऊ माणसांचे दिवसाचे पाणी वापरते. ज्या घरात आई व बहीण दोन हंड्यांसाठी पहाटे उठतात, त्या घरातील मुलाला हा आकडा पाठ करावा लागत नाही. तो त्याच्या मनात राहतो. आणि "ठिबक म्हणजे थोडेसेच पाणी" हा समज तेथेच मोडतो. ठिबक पाणी निर्माण करीत नाही. आहे ते पाणी ते मुळाशी नेमके पोचविते, जमिनीत वाफसा टिकविते आणि तण कमी ठेवते. हे गुण मोठे आहेत. पण वाचलेले पाणी विहिरीत राहील की आणखी नळ्या अंथरण्यात जाईल, हे नळी ठरवीत नाही, माणूस ठरवितो.

म्हणून शाळेतील दोन गुंठ्यांवर मुलांनी काय करावे, याविषयी माझी काही निश्चित कल्पना आहे. प्रत्येक गटाने तोटीखाली पेला ठेवून सहा मिनिटे पाणी धरावे आणि मोजपात्रात मोजावे. ताशी दोन लिटरची तोटी असेल, तर २०० मिलिलिटर भरले पाहिजे. लॅटरलच्या पहिल्या तोटीत आणि शेवटच्या तोटीत फरक किती, तो का पडला, दाब कमी होता की फिल्टर तुंबला होता, की तोटीत क्षार धरले होते, हे शोधावे. टोकाची एंड कॅप काढून नळी धुवावी. विहिरीचे पाणी जड असेल तर तोट्यांना आम्लाची प्रक्रिया का लागते, हे रसायनशास्त्राच्या तासाला पाहावे आणि ती शिक्षकांनी स्वतः करून दाखवावी. खेड्यापाड्यांतील कित्येक संच चार-पाच वर्षांत निकामी होऊन बांधावर पडतात, ते बहुधा या साध्या देखभालीअभावी. जो मुलगा वा मुलगी ही देखभाल जाणते, तिच्या हातात खुरपे नाही, विद्या आहे. पुढे ती इंजिनिअर होवो, कृषी सहायक होवो, गावातच संच जोडण्या-दुरुस्त्यांचा व्यवसाय करो, वा यातले काहीच न करो. पाण्याविषयी तिला कोणी फसवू शकणार नाही.

ही कल्पना काही नवी नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे, १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधकाचे काम सोडून ते त्या अवर्षणप्रवण गावात आले. हाताने काम करता करता शिकणे ही काही अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय नाही, ती शिक्षणाची स्वाभाविक रीत आहे, अशी त्यांची धारणा होती. शेती व पशुपालन, ऊर्जा, आरोग्य आणि अभियांत्रिकी यांचा समावेश असलेला त्यांचा अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारला. त्यातील मर्म असे की, मुले जे शिकतात त्याचा उपयोग गावाला सेवा देण्यासाठी करतात आणि त्या कामाचा हिशेब ठेवतात. आपल्या शाळेला हे अनुकरणीय आहे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमीन केवळ लहान आहे म्हणून ती तोट्याची ठरत नाही, तिला जोडणारे भांडवल व साधने अपुरी असतात, हे त्यांनी त्यात दाखविले. ज्याच्याजवळ एकच एकर आहे, त्याला या विचारात आधार सापडेल. पण त्याच निबंधात त्यांनी असेही म्हटले आहे की, शेतीवर पोटापेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यावरील उपाय औद्योगिकीकरणात आहे. म्हणजे मुलाच्या हातातले खुरपे सुटावे, असे म्हणणारे पालक बाबासाहेबांच्या विचाराला धरूनच बोलत होते. आपण त्यांना अडाणी समजू नये. आपल्या मुलांपैकी बहुतेकांनी शेतीबाहेर जावे हेच योग्य. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सिंचन आणि वीज ही खाती त्याच बाबासाहेबांकडे होती, आणि नदीखोऱ्यांच्या विकासाचा पाया त्यांनी घातला, हेही विसरू नये. शेतीबाहेर गेलेल्या माणसाने पाण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जो प्रश्न विचारला गेला, तो पाणी कोणाचे हाच होता.

तो प्रश्न ठिबकच्या बाबतीतही उभा राहतो आणि तो बहुधा कागदांत लपलेला असतो. केंद्राच्या "प्रति थेंब अधिक पीक" योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के अनुदान आहे आणि राज्याची पूरक योजना धरून ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तीत नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप आणि सूक्ष्म सिंचन संच यांचा समावेश होतो. पण या साऱ्यांसाठी सातबारा लागतो. आमच्या वडिलांच्या नावे तो होता, म्हणून संच मिळाला. आमचे चुलते शेजारच्याच गायरानाची जमीन कसतात. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी केलेल्या सत्याग्रहांची परंपरा सांगणारी ही माणसे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय झाला, तरी आजही मराठवाड्यात कित्येकांच्या नावे सातबारा नाही. चुलत्यांच्याही नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला अनुदान नाही, आणि ज्याच्याजवळ विहीर नाही त्याला संच मिळूनही उपयोग नाही. दुष्काळी भागातील मुलांना ठिबक शिकविताना हे झाकून ठेवले, तर आपण त्यांना अर्धेच सत्य शिकवू. सातबारा व आठ-अ वाचणे, नोंद कशी होते हे समजणे, आईचे नाव उताऱ्यावर आहे की नाही ते पाहणे, भूमिहीनांसाठी असलेल्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत काय मिळते ते वाचणे, हा ठिबकच्या अभ्यासाचाच भाग मानावा.

पाण्याचे वाटप वेगळ्या रीतीने होऊ शकते, याचा दाखलाही पुणे जिल्ह्यानेच दिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाणी जमिनीच्या आकारावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावे, माणशी अर्ध्या एकराचे आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकरांचे, असा नियम झाला. भूमिहीनांनाही वाटा ठेवला गेला. उसाला बंदी झाली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. आष्टीला लागूनच असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरविते. या दोन्ही ठिकाणी यंत्राआधी नियम आला आणि नियमाआधी मोजमाप.

आपल्या परंपरेत तर हा विषय फारच जुना आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटला, ही कथा मुलांना ठाऊक असते. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच पाण्याचा वाद मांडला आहे. युद्धाऐवजी सिद्धार्थाने सुचविलेला मार्गही त्यात आहे. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निर्णय द्यावा. हा प्रसंग आपण प्रवचनात सांगतो. तो दोन गुंठ्यांच्या वाफ्यावरही सांगता येईल. टाकीत ५०० लिटर पाणी आहे आणि चार गटांचे वाफे आहेत, तर वाटणी कशी करावी, हे मुलांनी अशाच पंचांकरवी ठरवावे. एखादे वर्ष त्यांची वाटणी चुकेल, एका गटाची रोपे वाळतील. चालेल. गावात चुकण्यापेक्षा येथे चुकलेले बरे.

एक अडचण मान्य केली पाहिजे. मुळशीत बसून दुष्काळ शिकविणे कठीण आहे. येथील घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मुळशी पाण्याच्या बाबतीत अगदीच परकी नाही. ज्या धरणासाठी जमिनी जात असताना येथील शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांसह सत्याग्रह केला, त्या धरणाचे पाणी आजही वीज निर्माण करण्यासाठी सह्याद्री उतरून भिऱ्याला जाते, आणि इकडे डोंगरावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पाऊस पडणे आणि पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला याहून चांगली जागा कोणती?

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत. ठिबकचा वाफा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चालवावा आणि त्याचा तास वेळापत्रकात असावा. तो श्रमदान म्हणून राबविण्याचे साधन होऊ नये. भोजनगृहासाठी भाजी पिकविणे हा त्याचा हेतू नाही, आणि शिक्षा म्हणून तर कोणालाही तेथे पाठवू नये. मुली व मुलगे यांची कामे सारखी असावीत. नाहीतर पंप मुलांकडे आणि निंदणी मुलींकडे, असे घरचेच चित्र येथेही उभे राहील. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील एका विहिरीची पाणीपातळी मोठ्या माणसांच्या सोबतीने, दोराला दगड बांधून मोजावी आणि वहीत लिहावी. मराठवाडा, माणदेश, विदर्भ अशा ठिकठिकाणांहून आलेल्या मुलांच्या या वह्या दहा वर्षे जपल्या, तर शाळेजवळ मोठा ठेवा जमेल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे तलाठी, कृषी सहायक, अभियंते वा वकील आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस या तासाला द्यावा. केवळ देणगीने हे काम होणार नाही.

आणि त्या पालकांना, ते हे वाचत असतील तर, एवढेच सांगावेसे वाटते. दादा, तुमच्या मुलाला आपण मातीत परत घालणार नाही. तो पुढे कोठेही गेला, तरी गावाकडच्या विहिरीत किती पाणी आहे आणि त्यात आपला वाटा किती, हे त्याला सांगता यावे, इतकीच इच्छा आहे. आमच्या घरी ते कोणालाच सांगता आले नाही. बंधूंच्या नळ्या अजून गोठ्याच्या आढ्याला आहेत. या उन्हाळ्यात मी नववीच्या मुलांची वही घेऊन गावी जाणार आहे. आधी विहिरीत दोर सोडू. किती गुंठ्यांपुरत्या नळ्या खाली काढायच्या, ते मग ठरवू.